टेंगाची हिरवी लाइटनिंग : १:७२ मापाच्या एका न झालेल्या रंगाच्या नोंदी

१ जून २०२५

नव्या प्लास्टिक मॉडेलसाठी विमान ठरलं. इंग्लिश इलेक्ट्रिक लाइटनिंग एफ.६, जेट लढाऊ विमान. वायुदल ब्रिटिश, तुकडी ७४ स्क्वाड्रन, तळ सिंगापूरचा टेंगा, साल १९७४. यातलं साल सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

जून १९६७ मध्ये ७४ स्क्वाड्रन स्कॉटलंडमधल्या ल्यूकर्सहून टेंगाला गेली, वाटेत व्हिक्टर टँकरकडून हवेतल्या हवेत इंधन घेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात पौंडाचं अवमूल्यन झालं आणि जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनच्या विल्सन सरकारने सुएझच्या पूर्वेकडचं सैन्य १९७१ अखेर मागे घ्यायचं जाहीर केलं. २५ ऑगस्ट १९७१ला तुकडी विसर्जित झाली. विमानं सायप्रसच्या अक्रोटिरीला ५६ स्क्वाड्रनकडे गेली. तुकडीची ओळख असलेलं वाघाचं चिन्ह त्यानंतर थेट १९८४ मध्ये फँटम विमानांवर दिसलं.

टेंगाच्या लाइटनिंग उघड्या धातूच्या होत्या, लख्ख चांदीसारख्या. माझा प्रश्न एवढाच: तुकडी तिथेच राहिली असती, तर १९७४ मध्ये ही विमानं कोणत्या रंगात दिसली असती?

प्रश्न हवेतला नाही, कारण जर्मनीत हे खरोखर घडलं. ग्युटर्सलो तळावरच्या १९ आणि ९२ स्क्वाड्रनच्या एफ.२ए लाइटनिंगना सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वरून गडद हिरवा रंग चढला. पोट धातूचंच राहिलं. तिथे जमिनीलगत उडायचं काम होतं, आणि चांदीचं विमान वरून बघणाऱ्याला मैलांवरून चमकतं.

काल्पनिक रंगसंगती करणाऱ्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. मी तीन प्रश्न लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवले आहेत. या रंगाची गरज कोणाला पडली? हा रंग तिथल्या भांडारात होता का? आणि तळावरच्या माणसांना तो उन्हातान्हात हाताने मारता आला असता का? तिन्हींना उत्तर मिळत नसेल तर ती नुसती रंगपंचमी झाली.

८ जून

किट अजून उघडलेलं नाही. विमानाच्या बाजूच्या आकृतीच्या आठ झेरॉक्स काढल्या आणि मुलाच्या रंगपेन्सिली घेऊन बसले.

पहिल्या दोन कागदांवर व्हिएतनाममधल्या अमेरिकी विमानांसारखी रंगसंगती केली: दोन हिरवे, एक तपकिरी. जंगल म्हटलं की हात तिकडेच जातो. कागदावर झकास दिसली, पण ते विमान ब्रिटिश राहिलंच नाही. टेंगालाच २० स्क्वाड्रनची हंटर विमानं होती आणि त्यांच्यावर इंग्लंडमधल्यासारखाच गडद हिरवा आणि डार्क सी ग्रे नावाचा करडा होता. ब्रिटिश वायुदलाने तिथल्या जेट लढाऊ विमानांसाठी जंगलाच्या रंगाचा वेगळा डबा उघडला नव्हता, तर मी १९७४ मध्ये कुठून उघडणार? दोन तास गेले. पण हे कागदावर कळलं ते बरं झालं.

मग दुसरा प्रश्न उलटा धरला. सिंगापूरच्या भांडारात कोणते रंग असतील? ब्रिटिश नौदलाची विमानवाहू जहाजं तिथे यायची, सेंबावांगला नौदलाचा स्वतःचा हवाई तळ होता. नौदलाच्या सी व्हिक्सन, बकनीअर या विमानांच्या पाठीचा रंग एक्स्ट्रा डार्क सी ग्रे. म्हणजे नेहमीच्या करड्याहून गडद, पावसाळी समुद्राच्या जवळ जाणारा. तुकडी राहिली असती तर नौदलही राहिलं असतं, आणि हे डबेही.

तर वरून गडद हिरवा, बीएस ३८१सी या ब्रिटिश प्रमाणित रंगयादीतला ६४१, आणि त्यावर ६४० क्रमांकाचा एक्स्ट्रा डार्क सी ग्रे. जंगलाच्या काठावर उभं विमान आणि सामुद्रधुनीवरून कमी उंचीवर जाणारं विमान, दोन्हींना उपयोगी. तिसऱ्या कागदावर हे केलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

गोल निशाणीचं, म्हणजे राउंडेलचं, एक मनात आहे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या ब्रिटिश विमानांनी राउंडेलमधला लाल ठिपका काढून टाकला होता. गडद निळ्यात फिकट निळा, एवढंच. फार देखणी निशाणी. तीच परत आणायची असं ठरवलं आहे.

१५ जून

जोडणी. मॉडेल साडेतेवीस सेंटीमीटर लांब, पंख पावणेपंधरा सेंटीमीटर. लाइटनिंगची दोन एव्हॉन इंजिनं एकावर एक असल्यामुळे धड उंच आणि चपटं आहे, म्हणून जोडाची रेघ पाठीवर आणि पोटावर भरपूर लांब जाते आणि लगेच डोळ्यात भरते. ती फेविक्विक आणि टाल्कम पावडरने भरली, मग पाणी लावून आधी ६००, नंतर १००० नंबरच्या पेपरने घासली. फेविक्विक सुकल्यावर अर्ध्या तासाच्या आत घासा. दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर ते आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि शेजारीच खड्डा पडतो.

भाऊ लंडनमध्ये हॅरोला राहतो. तो मागे हेंडनच्या वायुदल संग्रहालयात गेला होता तेव्हाचे तिथल्या एफ.६ चे फोटो त्याने पाठवले. मला हवी होती ती शेपटीकडची बाजू. दोन धुराडी जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखी एकावर एक, आणि त्यांच्या कडेचा धातू बिनरंगाचा, भाजून निळसर-तपकिरी झालेला. त्या कडा रंगवायच्या नाहीत.

२२ जून

आजचा दिवस वाया गेला. कसा ते सविस्तर लिहिते, कारण पावसाळ्यात आपल्याकडे हे प्रत्येकाला होणार आहे.

प्रायमर गाड्यांना मारतात तोच लॅकरचा घेतला, पातळ करायला हार्डवेअरच्या दुकानातलं एन.सी. थिनर. बाल्कनीत एअरब्रश लावला. बाहेर संततधार. पहिला हात मारला आणि मिनिटभरात पंखावर पांढुरकी साय आली. वाटलं रंग नीट ढवळला नाही. पुन्हा ढवळून दुसरा हात मारला, साय वाढली. बोट फिरवलं तर पिठासारखं लागलं.

गल्लीच्या टोकाला फर्निचरचं पॉलिश करणारे एक मिस्त्री बसतात. पंख तसाच कागदात गुंडाळून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो उजेडाकडे तिरका धरला, नखाने कड खरवडली आणि लगेच म्हणाले, "ताई, हे पांढरं पडलंय. पावसात लॅकरला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर रिटार्डर टाका, आणि दार-खिडक्या बंद."

कारण त्यांनीच समजावलं. थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि गार झालेल्या पृष्ठभागावर हवेतली वाफ दव धरते. ते दव ओल्या रंगात अडकतं. त्यांच्याकडे एक कपाटाचं दार तसंच पांढरं पडलेलं होतं, तेही दाखवलं. रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारं थिनर. अर्धा लिटर १८० रुपयांना मिळालं.

घरी येऊन दोन्ही हात काढले. काढताना डाव्या पंखाच्या कडेची एक पॅनल रेघ, म्हणजे पत्र्यांच्या जोडाची कोरलेली खाच, बुजली.

२९ जून

आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ३५० रुपयांना आणलं. बाल्कनीत ९१ टक्के, बेडरूममध्ये एसी 'ड्राय'वर ठेवून तासाभराने ६२. यापुढे बेडरूम. माझी मर्यादा ७०. काटा त्याच्या वर असेल तर कॉम्प्रेसर चालू करायचा नाही. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठतं, तेही दर दहा मिनिटांनी सोडायचं, नाहीतर नेमका रंग चांगला बसत असताना एक थेंब थुंकतो.

थिनरच्या चार भागांना रिटार्डरचा एक भाग घेतला. अधिक टाकलं तर रंग फार वेळ ओला राहतो आणि खालचं प्लास्टिक खातो. पातळ पातळ तीन हात, दोन हातांमध्ये वीस मिनिटं. प्रायमर एकसारखा बसला. बुजलेली रेघ शिवणाच्या सुईने पुन्हा कोरली.

पोटाला ग्युटर्सलोसारखा धातूचा रंग द्यायचा असं पक्कं होतं. चकचकीत काळ्यावर ॲल्युमिनियम मारलं आणि खरोखर सुरेख आलं. संध्याकाळी मामाशी फोनवर बोलत होते. मामा अलिबागला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या खिडक्यांचा विषय निघाला आणि मी गप्प झाले. त्या खिडक्यांची ॲल्युमिनियमची चौकट मी मे महिन्यात हाताने पुसली होती. कोपऱ्यांत आणि स्क्रूभोवती पांढरे फुटकुळे आलेले, फडक्याखाली चुरा होऊन निघणारे, आणि खाली सुईने टोचल्यासारखी भोकं. पाच वर्षांची खिडकी.

टेंगा बेटावरच आहे. बारा महिने दमट आणि खारं वारं. जर्मनीत धातूचं पोट चाललं, पण सिंगापुरात आणखी तीन वर्षं काढायची म्हटल्यावर तिथल्या इंजिनिअरिंग अधिकाऱ्याने सगळ्यात आधी पोटच रंगवून घेतलं असतं. पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे मिळालं. या विमानाला रंग लागतो तो लपण्याआधी गंजापासून वाचायला.

तर पोट लाइट एअरक्राफ्ट ग्रे, ६२७. ॲल्युमिनियमवरच मारलं. बाटलीचे ६५० रुपये अगदी वाया नाही गेले. पुढे कडा खरवडल्यावर खालून तोच धातू दिसेल.

६ जुलै

आषाढी. घरात उपवासाची गडबड आटोपली आणि दुपारी गडद हिरवा मारला. अठरा पौंड दाब, ०.३ ची सुई. दोन तासांत झालं, बिनतक्रार.

मग पट्ट्यांचे आकार. कागदातून लाटांसारखे तुकडे कापायचे आणि ते पृष्ठभागापासून दोन मिलिमीटर वर राहतील असे चिकटवायचे, म्हणजे दोन रंगांची कड किंचित मऊ येते. कागद वर उचलून धरायला चिकट मातीच्या वळ्या लागतात. माझ्याकडची संपली होती, म्हणून मुलाच्या शाळेच्या दप्तरातली क्ले घेतली.

ही चूक करू नका. त्या क्लेमध्ये तेल असतं. करडा मारून रात्री कागद काढले तर प्रत्येक वळीच्या जागी हिरव्यावर तेलकट, गडद नागमोडी रेघ. साबणाच्या पाण्याने पुसलं, काही फरक नाही. इसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून हलकेच फिरवलं तर डाग गेला, पण हिरवाही गेला. पाठीचा आणि उजव्या पंखाचा वरचा भाग पुन्हा घासून पुन्हा हिरवा. पूर्ण आठवडा गेला आणि हिरव्या रंगाची दुसरी बाटली, ३२० रुपये.

१३ जुलै

यावेळी क्लेऐवजी पांढरी टॅक, म्हणजे कागद चिकटवायची चिकट माती, आणली. पट्टे व्यवस्थित आले. कागद काढले, विमान ट्यूबलाइटखाली धरलं आणि मला एकच रंग दिसला. काळपट हिरवा आणि काळपट करडा, हाताच्या अंतरावरून फरकच कळेना.

रंग क्रमांकाला बरोबर आहेत, तरी मॉडेलवर चुकीचे दिसतात. खरं विमान आपण पन्नास-शंभर पावलांवरून बघतो, मध्ये हवा असते, धूसरपणा असतो, वरून ऊन पडतं. छोट्या वस्तूवर तोच रंग जड होतो. हे मला ठाऊक होतं, पण नेहमीचा हिरवा-करडा करताना एवढं जाणवलं नव्हतं, कारण डार्क सी ग्रे मुळातच उजळ आहे. गडद जोडी निवडली की याचा हिशेब आधी करावा लागतो.

पण नुसतं पांढरं मिसळून उजळ करायचं मनाला पटेना. दमट उष्ण हवेतला रंग कसा उतरतो ते बघायला लांब जावं लागलं नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गडद हिरवी स्कूटर कित्येक वर्षं उभी आहे. अर्धी पत्र्याखाली, अर्धी उघड्यावर. छत्री घेऊन तिच्यापाशी बसले. उघड्या बाजूच्या पत्र्यावरून बोट फिरवलं तर बोटाला खडूसारखी हिरवट भुकटी. उन्हाने रंग पांढरा झाला नव्हता, राखाडी झाला होता, जणू हिरव्यात भस्म मिसळलंय. स्क्रूंच्या खाली पावसाच्या ओघळाच्या रेघा, आणि त्या रेघांत रंग उलट गडद. सीटच्या ओठाखाली मूळचा हिरवा जसाच्या तसा. एका ठिकाणी कोणीतरी नवा रंग लावून डाग बुजवलेला, तो चौकोन लांबूनही कळत होता.

त्यावरून मिश्रण ठरवलं. हिरव्याच्या आठ थेंबांना पोटाच्या फिकट करड्याचे दोन. गडद करड्याच्या सात थेंबांना त्याचेच तीन, कारण तो जास्त उतरायला हवा होता. दाब दहा पौंडांवर आणून पाठीच्या कण्यावर आणि पंखांच्या मधोमध ढगासारखे पातळ फवारे. कडा आणि खोबणी तशाच सोडल्या. मग दोन-तीन झाकणांभोवती मूळ गडद रंगाचे छोटे चौकोन, मेकॅनिकने ब्रशने डागडुजी केल्यासारखे. तिसऱ्या प्रश्नातली माणसं मला पहिल्यांदा या चौकोनांत दिसली.

आता दोन रंग वेगळे वाचता येतात. या एका संध्याकाळीने मॉडेल वाचवलं.

२७ जुलै

मागच्या रविवारी चकचकीत वॉर्निशचे दोन हात दिले होते. खरखरीत पृष्ठभागावर डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र, लावलं की खाली हवा राहते आणि ते चंदेरी दिसतं, म्हणून डेकलच्या आधी हे हवंच.

आज डेकल. ७४ स्क्वाड्रनची खूण म्हणजे नाकावरच्या राउंडेलच्या दोन्ही बाजूंना काळे-पिवळे त्रिकोण, वाघाच्या पट्ट्यांसारखे. नव्या रंगसंगतीला मापात बसतील असे मी स्वतः काढले आणि पारदर्शक डेकल कागदाचे पाच ताव ४५० रुपयांना मागवले.

पहिल्या डीटीपीवाल्याने ताव हातात घेऊन परत दिला. "मॅडम, फ्यूझरला चिकटलं तर मशीन जाईल." त्याचं बरोबर होतं, इंकजेटचा ताव लेझरमध्ये खरंच वितळतो. माझा लेझरचाच होता, पण ते त्याला कसं पटणार? घरी जाऊन एक तुकडा कापला, कागदात ठेवून त्यावर कडक इस्त्री फिरवली आणि तो तुकडा दुसऱ्या दुकानात दाखवला. तिथे मिळाली प्रिंट, ३० रुपयांत.

घरी येऊन नाकावर लावलं. पिवळा गायब. हिरव्यावर पिवळा म्हणजे नुसती मळकी शेवाळी छटा. लेझरचा रंग पारदर्शक असतो आणि प्रिंटरला पांढरा छापताच येत नाही. खालचा रंग गडद असेल तर पिवळा, लाल, फिकट निळा सगळे बुडतात. पांढऱ्या पाठीचा डेकल कागद लागतो. तीन ताव ३६० रुपये, आणि पुन्हा ३० ची प्रिंट. तो बाहेरच्या रेघेवर अचूक कापावा लागतो, नाहीतर पांढरी कड दिसते. नवं ब्लेड घ्या, पट्टी लोखंडी घ्या, आणि उरलेली पांढरी कड काळ्या मार्करच्या टोकाने बुजवा. दुसऱ्या खेपेला वाघ उठून दिसला.

त्याच पांढऱ्या तावावर महायुद्धातल्या दोन निळ्या राउंडेलही छापून घेतल्या होत्या. पंखांवर लावल्या आणि फोटो भावाला पाठवला.

३ ऑगस्ट

भावाचा फोन. कौतुक केलं, मग विचारलं, "ताई, यातला लाल कोणासाठी काढलास?"

मी सांगितलं, आग्नेय आशियाची परंपरा. तो म्हणाला, "तेव्हा लाल काढला तो जपानी विमानांवर लाल गोळा होता म्हणून. आपल्याच माणसाने आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून. १९७४ मध्ये समोर लाल गोळा कोणाचा होता?"

कोणाचाच नव्हता. इंडोनेशियाशी संघर्ष १९६६ मध्येच संपला होता, आणि त्यांच्या विमानांवर लाल-पांढरा पंचकोन असतो. चीन आणि रशियाचा लाल तारा. भिंतीवर चिकटवलेला पहिला प्रश्न मी रंगाला विचारला आणि राउंडेलला विचारायला विसरले, कारण ती मला आवडली होती. सगळ्या प्रकल्पात या चुकीचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. बाकीच्या हाताच्या चुका होत्या.

खरं उत्तर इंग्लंडमध्येच होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रंगवलेल्या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या राउंडेलमधून पांढरा गेला, कारण हिरव्या-करड्यावर पांढरं वर्तुळ लांबून दिसतं. राहिले लाल आणि निळा. ग्युटर्सलोच्या हिरव्या लाइटनिंगवर तेच होते. टेंगालाही तोच आदेश लागू झाला असता.

जुनी डेकल काढली. कोमट पाण्यात व्हिनेगर घालून ओला कापूस दहा मिनिटं ठेवला, मग चिकटपट्टीने उचलली. डाव्या पंखावरून नखाएवढा रंगही उचलला गेला. तिथे मूळ गडद हिरव्याने चौकोन भरला. डागडुजीचा आणखी एक ठिगळ म्हणून तो शोभला. लाल-निळ्या लावल्या. लाल अगदी छोटा ठिपका आहे, तरी विमान लगेच १९७४चं झालं.

१९ ऑगस्ट

दोन दिवस मुसळधार. लोकल ठप्प, ऑफिसला जाता आलं नाही. बेडरूममध्ये एसी लावूनही काटा ७४च्या खाली येईना. मॅट वॉर्निश मारायचा मोह झाला होता, आवरला. मॅट वॉर्निश पांढरं पडलं तर त्याच्याखालचं तीन महिन्यांचं सगळं काम जातं.

छोटी कामं उरकली. रेड टॉप क्षेपणास्त्रं, चाकं, आणि विमानाचा नोंदणी क्रमांक. क्रमांकाबद्दल सांगते. टेंगाला असताना तुकडीची विमानं अपघातात गेली आहेत, माणसंही गेली आहेत. जे विमान खरोखर पडलं त्याचा क्रमांक काल्पनिक मॉडेलवर घालायचा नाही, हा माझा नियम आहे. आणि जे विमान खरोखर दुसऱ्या तुकडीत गेलं, त्याचा इतिहास कशाला पुसायचा? एफ.६ च्या यादीत एक्सएस ९०४ नंतर थेट एक्सएस ९१८ येतं, मधले क्रमांक लाइटनिंगना दिलेच नव्हते. त्या रिकाम्या जागेतला एक्सएस ९०९ घेतला. असं विमान नव्हतं, पण असतं तर त्याचा क्रमांक असाच दिसला असता.

पंखांवरच्या इंधन टाक्या किटमध्ये आहेत. लाइटनिंगच्या पंखांच्या वर बसणाऱ्या या टाक्या बघायला फार वेगळ्या दिसतात आणि पहिल्या दिवसापासून हात तिकडे जातो आहे. पण त्या लांबच्या प्रवासाला लावायच्या. हे विमान टेंगालाच आहे, कुठे निघालेलं नाही. डबीत ठेवून दिल्या.

३१ ऑगस्ट

२४ तारखेला काटा ६१ वर आला आणि मॅट वॉर्निश मारलं, रिटार्डर घालून, दोन पातळ हात. पांढरं पडलं नाही. एवढा वेळ एसीच्या आवाजात श्वास रोखून मी कधी बसले नव्हते.

पंखांच्या पुढच्या कडांवर ३००० नंबरचा पेपर दोनदाच फिरवला, जूनमधलं ॲल्युमिनियम बारीक रेघेसारखं वर आलं. धुराड्यांच्या कडांना निळा आणि तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून लावला.

दीड दिवसाचे गणपती २८ला गेले. दर्शनाला आलेल्यांपैकी लहान भाच्याने विमान हातात घेतलं आणि नाकाखालची पिटोची, म्हणजे हवेचा वेग मोजायची, नळी मोडली. प्लास्टिकची ती नळी जाड होती, मला पहिल्यापासून खटकत होती. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई कापली, टोक कानशीने बोथट केलं, नाकाच्या खालच्या ओठात हातड्रिलने भोक पाडलं आणि एपॉक्सीने बसवली. सरळ आहे का ते बघायला विमान खिडकीच्या गजाला समांतर धरलं.

आत्तापर्यंतचा खर्च, किटचे २,४५० धरून, सात हजारांच्या थोडा खाली. त्यातले साधारण आठशे चुकांचे.

एपॉक्सी सुकेपर्यंत विमान मातीच्या एका पणतीत नाक वर करून उभं ठेवलं आहे. सकाळी पोटाच्या टाकीवरचे तेलाचे ओघळ करायचे बाकी आहेत, ते पुढून मागे, हवेच्या दिशेने.